मी न वाचलेला सायकलवाला

माझ्या बायकोच्या कादंबरीत एक नवरा आहे. तो आयुष्यात कधीही खोटं बोलत नाही. तो नवरा म्हणजे मी, हे आमच्या मळमड्डी भागातल्या सगळ्यांना पुस्तक वाचून लगेच कळलं. मला तेवढं कळलं नाही, कारण मला कन्नड वाचता येत नाही.

(बोलता उत्तम येतं! जन्म धारवाडात गेला. भाजीवालीशी घासाघीस, रिक्षावाल्याशी भांडण, शेजाऱ्यांची चेष्टा, सगळं मी कन्नडमधून करतो. पण शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी आणि नोकरी हुबळीला, विद्यानगरच्या एका कॉलेजात गणित शिकवण्याची, तीही इंग्रजीतून. बसवर नंबर असतो, दुकानात माल समोर दिसतो. अक्षरांवाचून माझं काही अडलं नाही.)

अडलं ते एकदाच, सुनंदाला बघायला गेलो तेव्हा. तिचे वडील कन्नड शाळेत मास्तर. घरात बोलणं मराठी, पण कपाटं कन्नड पुस्तकांनी गच्च भरलेली. चहाची बशी पुढे करत त्यांनी विचारलं,

"आमची सुनंदा कादंबऱ्यांची भारी वेडी बघा. तुम्ही कन्नड कादंबऱ्या वाचता की नाही?"

सुनंदाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत ती पोह्यांकडेच बघत होती.

"वाचतो की!" मी म्हणालो.

"कुठली आवडली?"

"सगळ्याच!"

ती हसली आणि लग्न ठरलं. लग्नानंतर खरं सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. पण मांडव उतरायच्या आधीच सासरेबुवांनी मला चार कादंबऱ्या भेट दिल्या, आणि चांगल्या माणसाचं मन कसं मोडायचं!

पुढची अडतीस वर्षं सुनंदा दर पंधरवड्याला वाचनालयातून कादंबरी आणायची, स्वतः वाचायची आणि मग माझ्या हातात द्यायची. तिला एकाच प्रकारच्या कादंबऱ्या आवडायच्या. नवरा-बायको एकमेकांवर जीव टाकतात, पण कुणीतरी काहीतरी लपवलेलं असतं. जुनं पत्र, जुनं प्रेम, असलं काहीतरी. मी चार संध्याकाळी व्हरांड्यात बसून घड्याळ बघून दर दोन मिनिटांना एक पान उलटायचो. पाचव्या दिवशी ती विचारायची, "कशी वाटली?"

माझ्याकडे दोन वाक्यं तयार होती. पहिलं, "शेवट जरा लांबलाय." हे कुठल्याही कादंबरीला चालतं! दुसरं, "सगळा घोळ आधीच खरं न सांगितल्यामुळे झाला. नवरा-बायकोत लपवाछपवी नको." हे तर हिच्या आवडीच्या प्रत्येक कादंबरीला फिट बसायचं. ते मी इतक्या गंभीरपणे म्हणायचो की सुनंदा थोडा वेळ गप्पच व्हायची. मला वाटायचं, माझ्या रसिकतेने ती भारावते.

ती का गप्प व्हायची, हे तेव्हा एकदा जरी विचारलं असतं तरी बरं झालं असतं.

मी रिटायर झालो त्या वर्षी सुनंदा दुपारभर काहीतरी लिहीत बसू लागली. मला वाटलं, पापडांचं प्रमाण लिहीत असेल. तीन वर्षांनी एका संध्याकाळी तिने दोन जाड वह्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"मी कादंबरी लिहिलीय. अजून कुणाला दाखवली नाही, अण्णालासुद्धा नाही." (अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ.) "आधी तुम्ही वाचा. तुम्ही म्हणाल तर छापू, नाही तर बंबात घालू."

"बंबात कशाला?"

"वाचा म्हणजे कळेल."

मी वही उघडली. गोल गोल अक्षरं, जिलेब्यांचं ताट मांडावं तशी! त्या क्षणी तरी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण अडतीस वर्षांत साधारण नऊशे कादंबऱ्या मी 'वाचल्या' होत्या. एकदम नऊशे कबुल्या कशा द्यायच्या?

दुसऱ्याकडून वाचून घ्यावी, तर कुणाला दाखवायची नाही असं तिने बजावलेलं. शेवटी न्हाणीघरात दार लावून एका पानाचा फोटो काढला आणि फोनला अर्थ विचारला. फोन म्हणाला, "तळ्याकाठी म्हैस वकील झाली, तिची सायकल रडत आहे." हस्ताक्षरापुढे फोननेही हात टेकले. मी पुन्हा व्हरांड्यात येऊन घड्याळ लावून पानं उलटू लागलो.

आठ दिवस चाललं हे. सुनंदा दारामागून बघत असायची. एकदा जांभया देऊन देऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून ती पदर तोंडाला लावून आत पळाली. नवव्या दिवशी मी वह्या तिच्या हातात दिल्या.

"छान आहे. शेवट जरा लांबलाय."

"आणि... बाकीचं?" तिने वह्या छातीशी धरल्या. "तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? घरोघरी असतंच असलं काहीतरी! आधीच सांगायला हवं होतं, एवढंच. बिनधास्त छाप. एक अक्षर बदलू नकोस!"

सुनंदा हमसून हमसून रडली. "तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही," म्हणाली. साहित्यिक माणसं हळवी असतात हे मी ऐकून होतो, म्हणून पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

त्यानंतरचे सहा महिने म्हणजे माझ्या संसाराचा सुवर्णकाळ! पोळीवर न मागता तूप येऊ लागलं. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी ब्र नाही. ती अधूनमधून माझ्याकडे नुसती बघत बसायची, डोळे भरून. मी मनात म्हणायचो, साहित्यासारखी गोष्ट नाही! (आज ते तूप आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.)

पुस्तक छापून आलं. अण्णाने घरोघरी वाटलं आणि मळमड्डीतल्या लोकांची माझ्याशी वागण्याची तऱ्हाच बदलली. समोरच्या मालतीअक्का मला बघून हात जोडू लागल्या. कोपऱ्यावरच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी भर रस्त्यात माझा हात दाबला आणि म्हणाले, "सर, काळीज मोठं आहे बघा तुमचं! आम्हाला जमलं नसतं." मी म्हणालो, "त्यात काय मोठंसं! छाप म्हणून मीच तर सांगितलं!" ते थक्क होऊन बघत राहिले.

मग महिला मंडळाने पुस्तकावर कार्यक्रम ठेवला आणि बोलायला मलाही बोलावलं. मी घाबरून अण्णाला गाठलं. "माझ्या कधीच्या वाचून झाल्या त्या वह्या. जरा आठवण करून दे की, सुरुवात कशी आहे?"

अण्णाने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "केळगेरी तळ्याच्या काठावर. तो मुलगा सायकलवरून येतो, दोघं बसतात, पहिलं प्रेम... भावजी, तुम्हाला खरंच पुन्हा ऐकायचंय हे?"

मला तर आनंदाचं भरतं आलं! साखरपुड्यानंतर मी सुनंदाला एकदा सायकलवर डबलसीट केळगेरीला नेलं होतं. वाटेत पंक्चर झालं, ते जाऊ दे. म्हणजे हिने आमच्यावरच लिहिलंय! मी भाषण पाठ केलं.

हॉल भरला होता. सुनंदा पहिल्या रांगेत, नवी इरकल नेसून. मी माइक धरला आणि झकास कन्नडमध्ये सुरुवात केली. तळं, वारा, तरुणपण... आणि मग छातीवर हात मारून म्हणालो, "आ सायकल हुडुगा नान री!" म्हणजे, तो सायकलवाला पोरगा मीच हो!

पंखे तेवढे गरगरत होते.

मालतीअक्का अध्यक्ष होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, तो सायकलवाला तर बेंगळूरला निघून जातो ना? घरचे लग्नाला नाही म्हणतात म्हणून?"

"छे छे! मी कुठं गेलो? मी इथंच आहे की!"

"मग मागाहून जो नवरा येतो, तो कोण?"

"कुठला नवरा?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मालतीअक्कांनी मला सांभाळून घ्यायला पुस्तक उघडून हातात दिलं. "सर गंमत करतात! ती नवऱ्याला सगळं सांगते, ते पान तुमच्या तोंडून ऐकायचंय आम्हाला."

"चष्मा विसरलो," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांच्या सभेत असं कधी म्हणू नये! सात चष्मे पुढे आले. मी एकेक लावून बघू लागलो. हा जाड, हा पातळ, ह्याची काडी मोडकी. सातव्या चष्म्यातून अक्षरं इतकी स्पष्ट दिसली की एक-एक मोजता आलं असतं. वाचता मात्र आलं नाही. घामाने पुस्तक ओलं झालं आणि मी म्हणून गेलो, "मला कन्नड वाचता येत नाही."

हॉल हसून हसून लोळला! टाळ्या पडल्या! हेडमास्तर तर खुर्चीवरून पडायचे राहिले. हसली नाही ती फक्त पहिल्या रांगेतली एक बाई. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कोण हे तिला आठवत नव्हतं.

घरी येऊन तिने दिवा लावला, साडीची घडी घातली आणि मग विचारलं,

"म्हणजे त्या वह्या तुम्ही वाचल्याच नाहीत?"

"नाही."

"आणि आधीच्या?"

"एकही नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "दर कादंबरीला तुम्ही म्हणायचात, आधीच खरं सांगायला हवं होतं. मला वाटायचं, हा माणूस किती सरळ आहे आणि मी ह्याच्यापासून लपवतेय. तीन वर्षं लागली मला ते लिहायला. तुम्ही आठ दिवस वाचत होतात, तेव्हा मी दारामागून हलले नाही. 'राग कशाचा' म्हणालात तेव्हा वाटलं, सुटले मी. मग मला माफ कुणी केलं हो?"

जुन्या सायकलवाल्याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. तिने जे एकदाच, सगळा धीर गोळा करून माझ्या हातात दिलं, त्याची पानं मी घड्याळ लावून उलटली, याची मात्र इतकी लाज वाटली की मान वर होईना. अजूनही होत नाही.

"आता सांग की," मी म्हणालो, "ऐकतो."

"सांगणार नाही. मी लिहिलंय ना? वाचा. फोन नाही, अण्णा नाही, स्वतः वाचायचं. वाचून झाल्यावर काय वाटलं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून पहिलीचं पुस्तक आणून माझ्यापुढे टाकलं.

सहासष्टाव्या वर्षी मी 'क' गिरवला. रोज संध्याकाळी त्याच व्हरांड्यात, बोटाने एकेक अक्षर लावत बसतो. दिवसाला अर्धं पान होतं. सुनंदा आत भाजी निवडत असते आणि चुकलं की तिथूनच ओरडते. मागच्या आठवड्यात सव्विसाव्या पानावर त्या सायकलवाल्याने तिचा हात हातात घेतला. वाक्य समजायला मला वीस मिनिटं लागली, पण समजलं! मी पुस्तक मिटलं.

"काय झालं?" आतून आवाज आला.

"राग आला."

भाजी निवडायची थांबली. ती दारात येऊन उभी राहिली. "खरंच?"

"खरंच. चांगलाच आला."

"वर्षभर उशीर झाला तुम्हाला," ती म्हणाली. आणि कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच थोडीशी हसली. त्या दिवशी पोळीवर तूप नव्हतं, पण पोळी गरम होती.

आता एकच अडचण आहे. अण्णा म्हणतो, तो सायकलवाला बेंगळूरला जायला अजून शंभर पानं आहेत. म्हणजे माझ्या वेगाने अजून दोनशे दिवस माझी बायको त्याच्याबरोबर केळगेरीच्या काठावर बसणार, आणि मी रोज संध्याकाळी चष्मा लावून ते बघत बसणार, अडखळत, मोठ्याने!