पोर्ट सैदला मिळालेली शिक्षा

आमच्या घरातली मुलं मला पोर्ट सैदची गोष्ट सांगायला लावतात ती कोंबडीच्या पिलासाठी. विलायतेला निघालेली आमची बोट इजिप्तच्या किनाऱ्याला लागते, लांब झग्यातला एक जादूगार "गली गली गली" करत डेकवर चढतो आणि माझ्या पदरातून चिवचिवणारं पिवळं पिलू काढतो. मी किंचाळते, मुलं खिदळतात, गोष्ट संपते. तिथेच संपवलेली सगळ्यांना बरी पडते. बोटीवरून उतरल्यानंतरचं मी सहसा सांगत नाही. त्यात पिलू नाही.

ते सांगायचं तर आधी कलकत्त्याला, भवानीपूरच्या आमच्या घरात यावं लागेल. मी सांगलीची. कॉलेजात इंटरला होते तेव्हा हे स्थळ आलं. मराठी, पण तीन पिढ्या कलकत्त्यात मुरलेले. माझे वडील शाळामास्तर. त्यांना दोनच शंका होत्या: पोरगी एवढ्या लांब द्यायची का, आणि तिच्या शिक्षणाचं काय? पहिलीला कुणाकडेच उत्तर नव्हतं. दुसरीला सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवून उत्तर दिलं, "आमचा मुलगा पुढच्या वर्षी लंडनला शिकायला जातोय. हिलाही नेईल. तिकडेच करू दे की बी.ए.! आमच्याकडे सुना कोंडून ठेवत नाहीत." वडिलांचे डोळे पाणावले. माझे तर थेट लंडनला पोचले.

भवानीपूरला आले आणि एक नवलच पाहिलं. परमुलखातली मराठी माणसं दुकानदारासमोर मराठीत कुजबुजतात, हे मला ठाऊक होतं. पण आपल्याच माणसासमोर परक्या भाषेत कुजबुजणारी मराठी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी घरात चोख मराठी. माझ्याविषयी काही बोलायचं झालं की सगळे बंगालीत शिरायचे.

पहिल्याच आठवड्यात जेवताना सासूबाई माझ्याकडे बघत यांना काहीतरी म्हणाल्या. त्यातला "शिक्खा" एवढाच शब्द मला कळला. शिक्षा? कसली शिक्षा? आमटीत मीठ जास्त पडलं होतं हे खरं, पण म्हणून एकदम शिक्षा? दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या बंगाली वहिनींना मी मोडक्या हिंदीत विचारलं. त्या इतक्या हसल्या, की त्यांच्या हातातली ओली साडी खाली गल्लीत पडली. "शिक्खा माने पढाई!"

म्हणजे बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण! सासूबाई माझ्या शिक्षणाविषयी बोलत होत्या तर! मला एवढा आनंद झाला, की त्याविषयी नेमकं काय बोलत होत्या हे शोधायचं सुचलंच नाही.

त्या दिवसापासून गच्चीवर माझी बंगालीची शाळा सुरू झाली. चांगलं बोलता आलं की यांना चकित करायचं, असा बेत होता. पण कळायला लागल्यावर असं ध्यानात आलं, की न कळण्यात फार मजा आहे. माझं नाक कसं भज्यासारखं आहे, माझ्या पोळ्यांवरून भूगोल कसा शिकवता येईल, हे सगळं माझ्या तोंडावर चालायचं आणि मी मख्ख चेहऱ्यानं भात वाढायची. रोज फुकटचं नाटक, त्यात नायिका मीच. स्वतःला मी फार चतुर समजत होते. नायिका स्वयंपाकघरात असतानाही नाटकाचे प्रवेश होत असतील, हे काही माझ्या चतुर डोक्यात आलं नाही.

बोट खिदिरपूरच्या धक्क्यावरून सुटायची होती. ट्रंकेत मी सगळ्यांत खाली तर्कशास्त्राचं पुस्तक आणि इंटरची मार्कशीट ठेवली. सासूबाईंनी त्यावर पोळपाट-लाटणं ठेवलं. "तिकडे मिळत नाही म्हणे," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या मायेनं भरून आलं.

बोटीवर यांचा एक कॉलेजातला बंगाली मित्र होता. तोही लंडनलाच निघाला होता. मला "बौदी" म्हणायचा, म्हणजे वहिनी. मन मोकळं आणि आवाज त्याहून मोकळा. पोर्ट सैदला बोट दिवसभर थांबणार होती, म्हणून पिलाचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही तिघं गावात गेलो. खरं तर गाव कसलं, एक लांबलचक दुकानच होतं ते. दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांची घरं, खाली गालिचे, खजूर, पितळी तबकं. लढाईत आपले सैनिक तिथे राहून गेलेले, त्यामुळे जो तो "आओ मेमसाब, बहुत अच्छा" करत आमच्यामागे धावत होता.

एका चामड्याच्या दुकानात हे थांबले. "अगं, तुझ्यासाठी एक पिशवी घेऊ या. लंडनला लागेल." माझी कळी खुलली. कॉलेजला जायचं तर पिशवी हवीच! दुकानदार एकेक काढून दाखवू लागला. मी एक छोटी लाल पिशवी उलटीपालटी करत होते, तोच मित्रानं यांना बंगालीत विचारलं, "बौदी कुठल्या कॉलेजात जाणार?"

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बघायचं कारणच काय? बाजूच्या पेटाऱ्यातला पितळी दिवा हातात घेऊन ते सहज म्हणाले, "आरे, शिक्खा-टिक्खा ओशब कोथार कोथा." शिक्षण-बिक्षण नुसतं बोलायचं बोलणं. "ते म्हटलं नसतं तर तिच्या वडिलांनी मुलगी दिली नसती. आईचीच युक्ती ती. मला दोन वर्षं घरचं जेवण नको का?"

मित्र हसला. दुकानदारही हसला, गिऱ्हाईक हसलं म्हणून. हसले नाही ती मी एकटीच. मला तर काही कळतच नव्हतं ना!

नाकाला नावं ठेवली होती तेव्हा मला हसू आलं होतं. पोळ्यांना ठेवली तेव्हाही. आता हसू येईना. त्या दिवशी जेवताना सासूबाई काय म्हणाल्या असतील, ते इतक्या महिन्यांनी, समुद्र ओलांडून, एका चामड्याच्या दुकानात मला ऐकू आलं. पोळपाटाचा अर्थही लागला. सांगलीच्या ओसरीवर बसलेले, डोळे पुसणारे वडील दिसले. माझ्याइतकेच तेही फसले होते. मी निदान विलायत तरी बघणार होते.

लाल पिशवी मी खाली ठेवली आणि म्हटलं, "ना, एटा छोटो. एते बोई ढुकबे ना." ही लहान आहे, यात पुस्तकं मावणार नाहीत.

पितळी दिवा यांच्या हातातून निसटला. मित्राचं हसू अर्ध्यावरच थांबलं, मग तो एकाएकी खजुरांच्या चौकशीला बाहेर पडला. कुणीच बोलेना, तेव्हा दुकानदाराला वाटलं ही भाव पाडायची नवी तऱ्हा. त्यानं आपण होऊन किंमत उतरवली आणि दुकानातली सगळ्यांत मोठी पिशवी पुढे केली. यांनी घासाघीस न करता ती विकत घेतली. असं आयुष्यात एकदाच झालं.

डेकवर आल्यावर हे म्हणाले, "तुला बंगाली कधीपासून येतं?"

"वर्ष होत आलं."

"म्हणजे आई जे जे बोलली ते…?"

"सगळं. भज्यासकट."

त्यांचा चेहरा पडला. "इतके दिवस आमच्यात बसून ऐकत होतीस? सांगायचं नाहीस? ही फसवणूक झाली गं!"

गंमत अशी, की ते मनापासून दुखावले होते.

"आणि माझी शिक्षा?" मी विचारलं. कुठल्या भाषेतली, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

ते कठड्याला रेलले. मग म्हणाले, "बघू पुढे."

ते मात्र मराठीत म्हणाले. मराठीतलं "बघू" कळायला कुठल्या गच्चीवर शिकावं लागत नाही.

पिशवी दणकट निघाली. लंडनला दोन वर्षं तिच्यातून कांदे-बटाटे आले. भवानीपूरला परतलो, तर सासूबाई माझ्यासमोर अगदी जपून, शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलू लागल्या होत्या. बंगालीचं त्यांना केव्हाच कळवलं गेलं असणार. पिशवी अजून माळ्यावर आहे. मधूनच एखादं पोर ती खाली ओढतं आणि विचारतं, "पिलू यातूनच निघालं होतं का गं?"

मी हो म्हणते.