आत विचारून येतो

पूल उतरून झाला, लाकडाच्या वखारी मागे पडल्या, तरी थोरल्या बाई त्या धड्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बाकी सगळं बोलून झालं होतं. बसवाल्यांना संपासाठी नेमका आजचाच दिवस कसा सापडला, मुख्याध्यापकांना बारा महिने सर्दी कशी असते, डाव्या चपलेचा अंगठा अजून किती तग धरेल, सगळं. धाकट्या बाई शेजारून चालत होत्या. दोघींच्या पिशव्या त्यांच्याच खांद्यावर होत्या आणि मनात एकच घोळत होतं, की विषय काढावा कसा.

थोरल्या बाईंचं घर पार दुसऱ्या टोकाला. बस नाही म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी धाकट्या बाईंना बाजूला घेतलं होतं. "तुम्ही सोबत जा. उद्या तो धडा त्या घेणार की नाही, तेवढं वाटेत विचारा. नाहीतर तुम्ही घ्या, नाहीतर सरळ गाळून टाका. पुढच्या वर्षी पुस्तक बदलतंयच."

झालं होतं ते असं. दुपारच्या तासाला थोरल्या बाई नववीच्या वर्गावर गेल्या. मराठीच्या पुस्तकातली ती विनोदी गोष्ट काढली. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर पहारेकऱ्याचं वाक्य आलं, ते वाचलं, आणि पुस्तक मिटून त्या वर्गाबाहेर आल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत येऊन पाणी प्यायल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. तास अर्धवट टाकून आलेल्या थोरल्या बाई आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या.

आणि तेही ह्या धड्याला. ह्या धड्याला तर शेजारच्या वर्गातली मुलं भिंतीला कान लावायची.

गोष्ट साधीच होती. एक कारखाना बंद पडतो. मालक जातो, साहेब जातात, यंत्रं उचलली जातात. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मात्र कुणी सांगायचंच विसरतं. तो आपला रोज येतो, टोपी सारखी करतो आणि उभा राहतो. कुंपणाची भिंत तिन्ही बाजूंनी पडलेली, माणसं, शेळ्या, सायकली आतून आरपार जातात. पण फाटकातून जाईल त्याला हा अडवणार आणि म्हणणार, "जरा थांबा, आत विचारून येतो." मग रिकाम्या आवारात जाणार, जरा वेळाने परत येणार आणि सांगणार, "नको म्हणालेत." पुढे सरकारी माणसं तपासणीला येतात. त्यांनाही तो थांबवतो, आणि ती थांबतात. वर त्याच्या चोख कामावर खूश होऊन त्याच्या देखरेखीला आणखी एक पहारेकरी नेमून जातात.

ही गोष्ट थोरल्या बाई दोन दिवसांत शिकवायच्या. पहिल्या दिवशी नुसतं वाचन. अर्थ नाही, प्रश्न नाहीत, फळ्यावर काही लिहिणं नाही. आणि वाचणाऱ्याने हसायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. वर्ग बाकावर लोळत असायचा आणि बाईंच्या चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. म्हणून मुलांनी त्यांचं नाव कोरड्या बाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही. दुसऱ्या दिवशी त्या हातात पुस्तकही न घेता यायच्या आणि एकच विचारायच्या, "काल कुणाला हसलात?" पोरं म्हणायची, पहारेकऱ्याला. बाई म्हणायच्या, "बरं. त्याला सांगायचं कुणी विसरलं?" मग वर्ग हळूहळू गप्प होत जायचा. धाकट्या बाईंना ती शांतता अजून आठवत होती. त्याही एके काळी त्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर होत्या.

पण त्याहून जास्त आठवत होतं ते पहिल्या दिवशीचं हसणं. पहारेकऱ्याचं ते वाक्य बाई स्वतःच्या आवाजात वाचायच्याच नाहीत. कुठून तरी एक वेगळाच आवाज काढायच्या. खालचा, जरा घोगरा, शब्द ओढत नेणारा, आणि शेवटच्या 'येतो'वर अलगद वर चढणारा, जणू आपणच त्रास दिल्याबद्दल माफी मागतोय. धाकट्या बाईंनी तो तेव्हाच उचलला होता. मधल्या सुट्टीत नळावर रांग लागली की ही पोर पुढे उभी राहून म्हणायची, "जरा थांबा, आत विचारून येतो." हुबेहूब. स्नेहसंमेलनातसुद्धा करून दाखवलं. थोरल्या बाईंनी तेव्हापासून तिला पोपट म्हणायला सुरुवात केली, ते आज ती त्याच शाळेत मराठी शिकवायला लागली तरी चालूच होतं.

"पोपट, तू आज फार गप्प आहेस," थोरल्या बाई म्हणाल्या. "मुख्याध्यापकांनी काय पढवून पाठवलंय, ते बोलून टाक एकदाचं."

धाकट्या बाई ओशाळल्या. "धड्याचं विचारायला सांगितलंय."

"ते कळलं मला. आज त्यांनी माझ्याकडे बघून नाकसुद्धा शिंकरलं नाही."

"बाई, तुम्हाला जड जात असेल तर गाळू या ना. घरात एवढं होऊन गेलंय. तुम्ही हसवावं अशी कुणाची अपेक्षाच नाही."

एवढं म्हणजे बाईंचे यजमान गेले ते. उन्हाळ्यात गेले. त्याआधी बरीच वर्षं ते अंथरुणाला होते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. धाकट्या बाई शाळेत नोकरीला लागल्या आणि त्या घरी येऊ-जाऊ लागल्या, तेव्हा ते असेच खाटेवर असायचे. मान हलवायचे, डोळ्यांनी हसायचे. शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. घरी परतताना धाकट्या बाई देवाजवळ त्यांच्यासाठी दोन शब्द बोलायच्या. काय मागावं ते कळायचं नाही, म्हणून नुसतं नाव घ्यायच्या.

रस्ता एका लांबच लांब भिंतीच्या कडेने चालला होता. भिंतीला जागोजाग भगदाडं पडलेली, आत रान माजलेलं. मध्येच एक मोठं लोखंडी फाटक आलं. त्याला साखळी होती, कुलूप होतं. फाटकाच्या बाजूच्या भगदाडातून एक माणूस सायकल हातात धरून बाहेर आला आणि निघून गेला. फाटकाजवळ सिमेंटचा एक ओटा होता. थोरल्या बाईंनी त्यावरची धूळ पदराने झटकली आणि बसल्या.

"बस जरा. चप्पल चावतेय."

धाकट्या बाई बसल्या.

"हे इथेच होते कामाला," थोरल्या बाई म्हणाल्या. "साबणाचा कारखाना. हे गोदामावर. घरी आले की दारातूनच कळायचं, एवढा वास यायचा अंगाला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलायचं काय त्यात. बंद पडला, सगळे घरी बसले. हे मात्र बसले नाहीत. सकाळी अंघोळ, इस्त्रीचा सदरा, डबा. निघाले. मी पहिल्या दिवशी विचारलं, कुठे? म्हणाले, जाऊन येतो. मी डबा भरून दिला. मग रोजच द्यायला लागले. ह्याच ओट्यावर बसायचे म्हणे. संध्याकाळी डबा रिकामा घेऊन यायचे. त्यांना माहीत, की मला माहीत आहे. मला माहीत, की त्यांना कळलंय. पण दोघांनी तोंड उघडलं नाही. दोन वर्षं चाललं होतं ते."

धाकट्या बाईंचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला.

"आणि त्यातल्या दुसऱ्या वर्षी हा धडा आला पुस्तकात," थोरल्या बाई म्हणाल्या. "पुस्तक घरी आणलं, वाचलं आणि लगेच मिटलं बघ. धान्याच्या डब्यामागे लपवून ठेवलं. आमच्या घरात एवढीच जागा, जिथे हे कधी हात घालत नाहीत असं मला वाटायचं."

"सापडलं त्यांना?"

"त्याच दिवशी. मी स्वयंपाक करतेय आणि हे बाहेर वाचतायत. पानं उलटलेली ऐकू येतायत. मी म्हटलं, देवा, आता काय ते तूच बघ. जरा वेळाने हे दारात येऊन उभे. म्हणाले, 'वाचून दाखव बरं, वर्गात कसं वाचणार आहेस.' मी म्हटलं, हे वाचणारच नाहीये मी. तर म्हणाले, 'का? चांगलं लिहिलंय.' हट्टच धरला. मग वाचलं. पहारेकऱ्याचं वाक्य मी आपलं नाटकातल्या शिपायासारखं, छाती काढून वाचलं. तशी म्हणाले, 'छे. असा नाही बोलत फाटकावरचा माणूस. ओरडणाऱ्याला कोण भीक घालतंय. तो हळू बोलतो. असं.' आणि बोलून दाखवलं."

थोरल्या बाईंनी कुलपाकडे बघितलं.

"मी किती दिवसांनी हसले असेन त्या दिवशी. हेही हसले. तवा तसाच तापत राहिला. मग माझी तालीमच घ्यायला लागले. इथे आवाज खाली, इथे शब्द लांबव, शेवटी जरा वर ने. धडा वर्गात घेतला, त्या दिवशी दारातच विचारलं, 'हसले का?' मी म्हटलं, लोळले. तर सदरा काढता काढता म्हणाले, 'मग बरोबर जमलंय तुला.' त्यानंतर महिनाभर गेले असतील इथे. मग एक दिवस म्हणाले, आज घरीच जेवतो. संपलं."

नळावरची रांग, स्नेहसंमेलन, सगळं एकदम धाकट्या बाईंच्या समोर उभं राहिलं. "म्हणजे तो आवाज…"

"ह्यांचा. नुसता काढलेला नव्हे, खरंच तसे बोलायचे. दूधवाल्याशी, माझ्याशी, सगळ्यांशी तसेच."

"बाई, आणि मी तर त्यांच्यासमोर…"

तसं एकदा झालं होतं. खाटेशेजारी बसून गप्पा मारताना थोरल्या बाईच म्हणाल्या होत्या, पोपट, यांना ते करून दाखव की. आणि धाकट्या बाईंनी दाखवलं होतं. ते हसले होते. आवाज न करता, अर्ध्याच तोंडाने, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. धाकट्या बाईंना वाटलं होतं, आजारी माणसाला फार हसवलं आपण.

"तू गेल्यावर त्यांनी मला खूण केली," थोरल्या बाई म्हणाल्या. "बोटाने दाराकडे दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. मी म्हटलं, हो, तुमचाच आहे, तिच्याकडे नीट आहे. त्या रात्री शांत झोपले."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"मग आज काय झालं, बाई?"

"आज?" थोरल्या बाईंनी चपलेतून पाय काढला, पुन्हा घातला. "हे होते तोवर मी वर्गात वाचून आले की घरी ते वाक्य म्हणून त्यांच्याकडे बघून अंदाज घ्यायचे, बरोबर येतंय ना. ते मान हलवायचे. ते गेल्यावर घरात करून बघते मी. भांडी घासताना, दिवा लावताना. येत नाही. आज म्हटलं, वर्गात येईल, सवय आहे जिभेला. वाचलं. आणि माझाच आवाज आला गं. साधा, बाईमाणसाचा. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसली, एकसुद्धा हसलं नाही. मी चुकीच्याच कुणाचं तरी वाक्य वाचतेय असं वाटलं."

त्यांचा चेहरा तसाच कोरडा होता. वर्गात असायचा तसाच. पण हनुवटी हलत होती आणि ती थांबवायला त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

धाकट्या बाईंना सांत्वनाची चार वाक्यं येत होती. देवाची इच्छा, सुटले बिचारे, असली. त्यांनी नुसता बाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"गेलेत आत विचारायला," थोरल्या बाई फाटकाकडे बघत म्हणाल्या. "आणि काय."

मग त्यांनी नाक पुसलं, उठल्या आणि आपली पिशवी मागून घेतली. धाकट्या बाईंनी ती दिली नाही. दोघी पुन्हा चालायला लागल्या. भिंत संपली, पहिली घरं दिसायला लागली.

"धडा गाळायचा नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पुस्तकच नाही. मग ते वाक्य कोण कशाला म्हणेल? उद्या तू घे. नियम ठाऊक आहे ना?"

"वाचणाऱ्याने हसायचं नाही."

"रडायचं पण नाही. ते आधी सांगावं लागलं नव्हतं, आता सांगते. मुलं हसतील, हसू दे भरपूर. परवा विचार त्यांना, कुणाला हसलात म्हणून."

"तुम्ही घरी आराम करा मग उद्या."

"घरी कशाला? मी येणार. मागच्या बाकावर बसेन." थोरल्या बाईंनी पायातली चप्पल सारखी केली. मग धाकट्या बाईंचं मनगट धरून, त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोपट, ते वाक्य आलं ना, की दोनदा वाचशील? मुलांना सांग, मागच्या बाकावर ऐकू आलं नाही म्हणून."