साहेबांचा अरोकेरिया

बंगळूरच्या माझ्या अख्ख्या नोकरीत साहेबांनी विश्वासानं माझ्या हाती सोपवलेली एकमेव गोष्ट म्हणजे एक झाड.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या देशपांडेसाहेबांची वर्षभरासाठी दिल्लीला बदली झाली आणि जाण्याआधी ते आमच्या यशवंतपूरच्या घरी कुंडी घेऊन हजर झाले. कुंडीत कमरेएवढा अरोकेरिया. (आपण ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतो, तोच.) बारमाही हिरवा, फांद्यांचे मजल्यावर मजले, आणि खोड असं सरळ की गवंड्यानं ओळंबा फेकून द्यावा!

"सात वर्षं वाढवलाय. वर्षाला एखादाच मजला चढतो," साहेब म्हणाले. "उन्हाकडे वाकतो, म्हणून अधूनमधून कुंडी फिरवा. आणि शेंडा जपा. तो मोडला की संपलं!"

वर्षाला एक मजला! आणि मी दूध तापेपर्यंत चारदा झाकण उघडून बघणारा माणूस. मी रोज फूटपट्टी लावायचो. झाड ढिम्म. निदान फिरवावं तरी, म्हणून ऑफिसला निघताना रोज कुंडी अर्धी फिरवू लागलो.

तरी ते रस्त्याकडे झुकायला लागलं! जेवताना मी घास हातात धरून व्हरांड्यात जाऊन बघून यायचो. आठ महिन्यांत ते फाटकातून येणाऱ्याला वाकून नमस्कार करू लागलं.

आणि साहेबांचा फोन आला. "बदली लवकरच आटोपली. रविवारी झाड न्यायला येतो."

मी बायकोवर ओरडलो, "रोज साडेआठला फिरवतो मी, तरी हे असं कसं?"

ती पांढरीफटक पडली. "तुम्ही फिरवता? अहो, मीही रोज पावणेनऊला अर्धी फिरवते!"

म्हणजे आठ महिने झाडाची एकच बाजू ऊन खात होती!

शेजारच्या अक्का धावून आल्या. त्यांचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. "स्वल्प दोरी बांधून ओढा की! आम्ही टोमॅटोला तसंच करतो." आम्ही हिरवी दोरी घेतली, झाड घराकडे ओढलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बंद दाराला बांधून टाकलं. सरळ! अगदी सैनिकासारखं!

रविवारी साहेब आले, बघतच राहिले. "वा! काय राखलंय हो!" म्हणत शेंडा न्याहाळायला वाकले. माझी छाती फुगली. आत अक्का हिच्या मदतीला भजी तळत होत्या.

"अय्यो, केवढा धूर हा!" असं म्हणत अक्कांनी खिडकी बाहेर ढकलली.

दोरी सैल झाली. आठ महिन्यांचा वाक एका क्षणात परत आला, सपकन! साहेबांचा चष्मा जास्वंदीत. कुंडी कलंडायला लागली. मी वाघासारखी झेप घेऊन झाड पकडलं.

म्हणजे शेंडा पकडला. उरलेलं झाड खाली गेलं.

"साहेब," मी मुठीतला शेंडा पुढे केला, "डिंकानं चिकटेल का?"

साहेबांनी चष्मा शोधला, कुंडी उचलली आणि ते निघून गेले. पुढचे चार महिने मी त्यांच्या केबिनसमोरून पाय न वाजवता जात होतो.

मग एक दिवस त्यांनी घरी बोलावलं. मोडलेल्या जागेशेजारी दोन कोवळे शेंडे फुटले होते! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेबही हसले आणि एक चिमुकली कुंडी माझ्या हातात ठेवली. निवडुंग.

"याला काहीही करू नका," ते म्हणाले. "काही म्हणजे काहीही!"

पंधराव्या दिवशी तो कुजला. खरंच सांगतो, मी त्याला काहीही केलं नव्हतं. फक्त सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या पाणी घालत होतो!