शिराजच्या बाईंचं नवं वर्ष

शिराजच्या बाईंना चहा विचारला की त्या छातीवर हात ठेवून, मान किंचित झुकवून ‘नको’ म्हणत. पुन्हा विचारलं तरी ‘नको’. तिसऱ्यांदा विचारलं की मात्र हसून पेला हातात घेत. त्यांच्या देशातली ती रीतच होती. पण हे आम्हाला कळेपर्यंत पहिला महिना बिचाऱ्यांनी बिनचहाचाच काढला.

बाई इराणच्या. पुण्यात शिकायला आल्या आणि पुढे वेल्ह्याजवळच्या आमच्या निवासी शाळेत भूगोल शिकवू लागल्या. मी भोरची. त्याच शाळेत मराठी शिकवायची आणि सुटी लागली की एसटीने घरी जायची. बाईंचं खरं नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांच्या शिराज शहराचंच नाव त्यांना मिळालं. त्या राहायच्या आक्कांकडे. आक्कांची भातशेती पासलीला, पण नातवंडांच्या शाळेसाठी घर वेल्ह्यात. बाईंना त्यांनी भाड्याने खोली दिली आणि पंधरा दिवसांत चुलीपुढे पाटही दिला.

बाई भूगोल फळ्यावर फारसा शिकवत नसत. मुलांना मैदानात नेऊन काठी रोवत आणि सावली दाखवत. मार्चमधल्या एका दुपारी त्या मुलांना म्हणाल्या, “आज दिवस आणि रात्र सारखे. आज माझ्या घरी नवं वर्ष.”

“किती वाजता, बाई?” एका मुलीने विचारलं.

“सूर्य विषुववृत्त ओलांडतो तेव्हा. कधी पहाटे, कधी दुपारी. तिकडचं घड्याळ वेगळं, पण क्षण एकच. आई तिथे बसते, मी इथे बसते. तेवढा वेळ आम्ही एका घरात असतो.”

त्या सणाला त्यांच्या भाषेत ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडायच्या असतात. गव्हाचे कोंब, सफरचंद, लसूण, नाणी एवढं जमलं. व्हिनेगर मी भोरच्या चायनीजच्या गाडीवरून बाटलीत मागून आणलं. बाकीच्या दोन गोष्टी मात्र आमच्या बाजारात कुणी नावानेही ऐकल्या नव्हत्या. मग शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. ‘स’च पाहिजे ना? सुपारी घ्या, सुंठ घ्या. मी साळ सुचवली. बाईंनी परीक्षेचा पेपर तपासावा तशा गंभीरपणे विचार केला आणि साळ व सुंठ पास केली. आक्का म्हणाल्या, “भात म्हना न्हाईतर साळ म्हना, आमच्या पासलीचाच हाय त्यो,” आणि ओंजळभर आणून ठेवला. गव्हाचे कोंब पाहून तर त्यांना भारी आनंद झाला. “आगं, हे तर आपल्या घटावानीच की!” त्या वर्षापासून गहू पेरण्याचं काम आक्कांनी कुणाला करू दिलं नाही.

मग एक वर्ष वाईट आलं. बाईंच्या आईला दवाखान्यात ठेवल्याचं भावाने कळवलं आणि त्यानंतर तिकडची लाइनच लागेना. बाई एकही तास न चुकवता शिकवत होत्या. मधल्या सुटीत रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जाऊन मोबाईल कानाला लावायच्या, परत यायच्या, खडू उचलायच्या. कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवायच्या, बस.

सणाच्या दिवशी रविवार होता. मी मुद्दाम घरी गेले नव्हते. खोलीत टेबल रिकामं होतं. बाई म्हणाल्या, “ह्या वर्षी नको, ताई. आई कुठे आहे, कशी आहे, मला माहीत नाही. मी कोणाबरोबर बसू?”

तेवढ्यात आक्का दारात आल्या. हातात हिरवीगार ताटली. “म्या पेरलं व्हतं. उगावलं. त्याला काय ठावं, लाइन हाय का न्हाई ते? आता म्या ह्याचं काय करू, बाई, तुमीच सांगा.”

बाईंनी ताटली घेऊन खाली ठेवली. मग उठल्या, पेटीतलं फुलाफुलांचं कापड काढलं आणि टेबलावर अंथरलं. आम्ही तिघींनी जे हाताशी होतं ते मांडलं. दुपारी तो क्षण आला तेव्हा बाई डोळे मिटून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. आक्कांनी आपल्या देवाला हात जोडले. मी नुसतीच बसून राहिले. पण त्या खोलीत आम्ही तिघीच आहोत असं मला वाटत नव्हतं.

संध्याकाळी लाइन लागली. आई सावरल्या होत्या. त्यांनी म्हणे दवाखान्यात उशाशी एक सफरचंद ठेवून घेतलं होतं आणि बरोबर त्याच क्षणी त्याही डोळे मिटून बसल्या होत्या. हे सांगताना बाई पहिल्यांदा रडल्या.

शाळेचं वर्ष संपल्यावर त्या आईकडे जायला निघाल्या. परत कधी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. वेल्ह्याच्या स्टँडवर अर्धी शाळा जमली होती. बाईंनी प्रत्येकापुढे मान झुकवली. आक्कांपुढे मात्र वाकल्या, तशा आक्कांनी त्यांना धरून उभं केलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

एसटी हलली. आक्कांनी पदराआडून पाण्याचा तांब्या काढला आणि गाडीमागे रस्त्यावर सगळं पाणी ओतलं. जाणाऱ्याच्या मागे इराणात असं पाणी टाकतात, हे बाईंनीच त्यांना कधीतरी सांगितलेलं.

शेजारून जाणाऱ्या टेम्पोतून एक जण ओरडला, “काय आक्का, धूळ बसवताय व्हय?”

“न्हाई रं,” आक्का गाडीवरची नजर न काढता म्हणाल्या, “मानूस माघारी बोलावतीया.”