पायाचं कन्नड

ब्रेकची भीती मला विजापूर रोडवर बसली. मुलीला शाळेतून घेऊन येत होते. पुढची उसाची ट्रॉली एकदम थांबली, मी ब्रेक दाबला आणि पाय खाली जातच राहिला, पार तळाला टेकला. पुन्हा दाबला, परत दाबला, हँडब्रेक ओढला. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस काचेला घासला तेव्हा कुठे गाडी थांबली. मुलगी मागे बसून डब्यातलं उरलंसुरलं खात होती, तिला काही कळलंच नाही. पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर ठेवून मी घर गाठलं आणि फाटकातच रडले.

सासऱ्यांनी मागच्या चाकाच्या आत बोट फिरवलं, हुंगलं. "तेल गळतंय. चाकातला सिलिंडर गेला," म्हणाले. त्यांनी उमेदीची वर्षं अक्कलकोट रोडला टेम्पो चालवण्यात घालवली. मी नुसतं "गॅरेज" म्हणाले, तर मी वृद्धाश्रमाचा पत्ता विचारल्यासारखा चेहरा त्यांनी केला. "मी हाय की घरात!" नवरा नोकरीला पुण्यात. त्याने फोनवरून "करतील गं बाबा" म्हणून हात झटकले. ज्याला त्या गाडीत बसायचं नसतं त्याला धीर देणं फार सोपं जातं.

रविवारी सकाळी त्यांनी नवा सिलिंडर बसवला. आता पाइपात शिरलेली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक चार-पाच वेळा मारायचा आणि शेवटी दाबून धरायचा. दुसऱ्याने चाकामागचा निपल पान्याने सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा नळीतून बाहेर येते. निपल घट्ट केल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला, तर बाहेर आलेली हवा उलटी आत. दुसरं माणूस अर्थातच मी.

गाडी मागून जॅकवर उचललेली, खाली विटांची चळत, आणि सासरे खांद्यापर्यंत चाकाच्या जागेत शिरलेले. मला आरशात त्यांचे फक्त पाय दिसत होते. विटा सरकल्या तर, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"दाब. दाब. दाब. धर!" मी धरलं. "सोडलं!" ते ओरडले. पायाखालचा ब्रेक खचला, मी दचकले आणि पाय उचलला.

असं किती वेळा झालं कोण जाणे. निपलला लावलेल्या सलाइनच्या नळीतून बुडबुडे यायचे ते यायचेच, आणि ब्रेक भिजल्या उशीसारखा मऊ. सासरे, म्हणजे आमचे मामा, बाहेर आले, कपाळाला तेल लागलेलं. "अगं, पाय का उचलतीस?"

"तुम्हीच सोड म्हणता!"

"मी 'सोडलं' म्हणतो. निपल सोडलं!"

"मला 'सोड'च ऐकू येतं, मामा. चाकात तोंड घालून बोलता तुम्ही."

म्हणजे सकाळपासून ते निपल सोडत होते आणि मी पाय सोडत होते, आणि काढलेली हवा आम्ही दोघं मिळून परत आत भरत होतो. मला हसू आलं नाही. उद्या सकाळी याच गाडीत माझी पोर बसणार होती, आणि आमचं एका शब्दावर एकमत होत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्यापुढे कप करून म्हणाल्या, "हिडि." धर. आमच्या घरात ही दोघं आपसात कन्नड बोलतात. मी वैरागची, माहेरी सगळं मराठी. लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं आणि आजही येतं ते घरकामापुरतं. रात्री सासूबाई नातीला पाय चेपायला सांगतात, "ओत्तु." मामा कुणावर तडकले की म्हणतात, "बिडु, बिडु." जाऊ दे, सोड. दाब, धर, सोड. एवढंच तर हवं होतं.

"मामा, पायाचं सगळं कन्नडात सांगा. पान्याचं मराठीत."

त्यांनी कप पायरीवर ठेवला. "तुला कळतंय व्हय कन्नड?"

"पायापुरतं."

मग आमचं जमलं. ओत्तु, ओत्तु, हिडि. "सोडलं!" ब्रेक खचला, पण माझा पाय हलला नाही. "आवळलं!" आणि त्यानंतर, "बिडु." मधूनमधून मी बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाच्या डबीत नवं तेल ओतत होते. बुडबुडे कमी होत गेले, थांबले. ब्रेक अर्ध्यातच कडक लागायला लागला. तरी माझी भीती काही गेली नाही. अंगणात उभ्या गाडीचा ब्रेक लागणारच.

जॅक काढल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. "मी पोरीला यात नेणार नाही. रिक्षाने जाऊ." मला वाटलं, आता तडकणार. मामांनी हात पुसले, फाटक लावलं आणि त्याच्यापुढे मधोमध उभारले.

"ये."

"मामा, बाजूला व्हा."

"माजी नात बसणाराय त्यात. आदी मी उभारतो. ये म्हन्तो ना."

सासूबाई पायरीवरून कन्नडात ओरडायला लागल्या, त्यातलं मला काही कळलं नाही आणि सगळं कळलं. मी गाडी सुरू करून क्लच सोडला. अंगण ते केवढं, पण गाडीने वेग घेतलाच. ते पुढे पुढे येत होते, मोठे होत होते. मी दात आवळून ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. त्यांचे गुडघे आणि बंपर यांच्यामध्ये एक माणूस आरामात उभा राहिला असता. काचेतून मी त्यांच्याकडे बघितलं. मामांनी डोळे गच्च मिटले होते.

थोड्या वेळाने त्यांनी ते उघडले. खिडकीपाशी आले, काचेवर तेलकट बोट वाजवलं.

"बिडु," म्हणाले. "थांबली गाडी. बिडु आता."

मला कळत होतं. पाय उचलवत नव्हता.