परब काकांच्या दोन कळ्या

परब काका कुणालाही सल्ला देत नसत. कुणी काही विचारलं की हात धुऊन पाटावर बसत आणि गावाहून आणलेल्या तळहाताएवढ्या काळ्या पाषाणाला तगरीच्या दोन ओल्या कळ्या अंगठ्याने दाबून चिकटवत, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कोकणात याला कौल लावणं म्हणतात. "आपण इचारूचा, देवान सांगूचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सिल्वासात किलवणी रस्त्यावरच्या चाळीत ते आमचे शेजारी होते. ते सरकारी कचेरीत कारकून, माझे वडील धुळ्याकडून कारखान्यात कामाला आलेले. आमच्या घरात कुणाला नीट वाचता येत नव्हतं. रविवारी काका मला ओट्यावर बसवून पेपर मोठ्याने वाचायला लावत. मी आज कॉलेजात आहे ती त्यांच्यामुळे, हे आधीच सांगते. नंतर सांगायला जमणार नाही.

समोरचे गुजराती शेठ स्कूटर विकू का म्हणून विचारायला आले, तर काका म्हणाले, "शेठ, मराठीत इचारा. ह्या देवाक गुजराती समजणा नाय." शेठ खरंच मराठीत विचारू लागले. चाळभर हसू.

मी आठवीत असताना माझी धाकटी बहीण रंजना तापाने फणफणली. सहा वर्षांची होती. मान वळवता येईना. आईची आई दवाखान्यातच वारलेली, म्हणून आई हटून बसली. "ना भाऊ, तिथं नेलेलं माणूस वापस येत नाही. तुम्ही देवाला विचारा."

काकांनी विचारलं, "पोरीक घरीच ठेवू काय?" उजवी कळी लगेच पडली. आई सुटल्यासारखी रडली. मीसुद्धा हात जोडले.

तिसऱ्या दिवशी रंजना बेशुद्ध पडली, तेव्हा वडिलांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत गेला होता. जीव वाचला, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं कायमचं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. तरी मला वाटलं, आमचंच काही चुकलं असेल. देव कसा चुकेल?

पुढच्या वर्षी काकांचा मुलगा सुनील तसाच तापला. काका कौल लावतील म्हणून मी न सांगताच तगरीच्या कळ्या तोडून धावत गेले. दाराला कुलूप होतं. शेठ म्हणाले, "ए तो रिक्षा करके कब के दवाखाने गये."

मी कळ्या हातात घेऊन उभी राहिले.

सुनील बरा होऊन आला. त्या रविवारी पेपर वाचताना मी थांबले. "काका, सुनीलच्या वेळी कौल का नाही लावला?"

काकांनी पेपरची घडी घातली. "त्या दिवशी उजवी कळी मीच सैल लावलंय गो बाय. तुझी आई किती घाबरलेली. म्हटलां, तिका धीर येतलो."

"नेहमीच?"

"इचारणाऱ्याक काय हवां, तां त्याच्या तोंडावर दिसता. तीच कळी सैल लावायची."

त्यानंतर मी पेपर वाचायला गेले नाही. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, तू आरतीला का उभी राहत नाहीस? देव नाहीच, असं ठामपणे म्हणण्याएवढं मी वाचलेलं नाही. पण हात जोडायला गेले की मला देव दिसत नाही, काकांचा अंगठा दिसतो. ते दुष्ट असते तर सोपं झालं असतं. मी फक्त त्यांच्यावर चिडले असते.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन गावी निघाले. टेम्पोत सामान चढलं होतं. आईने रंजनाला पुढे केलं. "भाऊ, जाता जाता एकदा विचारा. हिला कधी ऐकू येईल का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्यांनी पाषाण बाहेर काढला, दोन कळ्या भिजवल्या आणि दोन्ही अंगठ्याने सारख्याच घट्ट दाबल्या. आम्ही वाट पाहत राहिलो. एकही पडेना. आई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. काकांनी कळ्यांना हात लावला नाही.

"काका, चालो ने, मोडुं थाय छे!" उशीर होतोय म्हणून ड्रायव्हरने जोरात हॉर्न वाजवला. आम्ही सगळ्यांनी दचकून वळून पाहिलं.

रंजना कळ्यांकडेच पाहत राहिली.