खारं पाणी चाखायची सवय

झिंग्यांच्या हॅचरीतले किस्से घरी सांगितले की पोरं हसतात. आम्हां बायांना तिथं हसू कमीच येतं, म्हणून तर ते साचत जातात.

जबलपूरला समुद्र कुठला? पण झिंग्याच्या पिल्लांना खारं पाणी लागतं. ते टँकरनं रिछाईच्या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या शेडमध्ये यायचं, त्यात बोअरचं मिसळायचं. खारेपणा मोजायचं मीटर बंदच जास्त. मग बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. नवीन बाई पहिलं हेच शिकते. माझी सून सुनंदाही तेच शिकली.

* * *

मग हॅचरी चालवणाऱ्या सरांनी हार्मोन आणलं, पिल्लं भराभर वाढावीत म्हणून. पिल्लं जेमतेम दिसणारे जिवंत किडे खातात. त्या किड्यांना बादलीत आधी हार्मोन पाजायचं, मग ते पिल्लांना चारायचे.

माझ्यासोबतची कमलाबाई म्हणाली, "म्हणजे भाजीत लपवून औषध." सर खुश झाले. मी नाही. लपवून काहून द्यावं लागते?

* * *

एका सकाळी टाकीत नुसती सालं तरंगून राहिली होती. कमलाबाई सगळी मेली म्हणाली. सर म्हणाले, मेली नाहीत, कात टाकली, वाढून राहिलीत. खरंच होती खाली पिल्लं. पण कात टाकून मऊ पडलेल्यांना बाकीची खाऊन राहिली होती. ते कोणी सांगितलंच नव्हतं.

* * *

आमच्या हातांना हार्मोन लागलेलं राहते म्हणून चौकीदार भैयानं आमच्या हातचा चहा सोडला. मिशीवर हात फिरवत म्हणे, "दीदी, मर्द आदमी हूँ, रिस्क नहीं लेता!"

खूप हसलो. मग एकेक बाई घरून पाण्याची बाटली आणू लागली.

* * *

सुनंदाला किती वर्षांनी दिवस गेले होते. पाण्याच्या अन् किड्यांच्या बादल्या त्या दिवशी कोणीतरी टाकीशेजारी एकत्रच ठेवलेल्या. तिनं सवयीनं बोट बुडवलं, जिभेला लावलं. "आई, हे पाणी तेलकट काहून लागून राहिलं?"

ती हार्मोनची बादली होती.

तिला चुळा भरायला लावल्या आणि हाताला धरून सरांसमोर उभं केलं. सरांचं रोजचंच, एवढ्याशानं काही होत नाही, दीदी.

मी परत जाऊन त्याच बादलीतलं चमचाभर पाणी आणलं. टेबलावर ठेवलं.

"होत नाही ना? मग घ्या."

सरांनी चमच्याकडं पाहिलं. सुनंदाच्या पोटाकडं पाहिलं. खुर्ची मागं सरकवली.

"बहू को कल से गेट पर बिठा दो."

मग उठून बेसिनवर साबणानं हात धुतले. चमच्याला ते शिवलेही नव्हते.